प्रिन्स स्ट्रीटवरचं घर

ब्यूफर्टला पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी पार मागे सरलेलं, आणि काळ्या चिखलात कालवांचे थर उघडे पडलेले. वास थेट आपल्या कोकणातल्या खाडीचा. मी लेकीकडे अटलांटाला आले होते. "आई, तुला काय बघायचंय ते सांग, या वेळी तू म्हणशील तिथे जाऊ," असं ती म्हणाली आणि मी ब्यूफर्टचं नाव घेतलं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं. वाटेत तिनेच शोधून सांगितलं, की साउथ कॅरोलायनातल्या या गावाला ब्यूफर्ट म्हणायचं. याच स्पेलिंगचं दुसरं गाव नॉर्थ कॅरोलायनात आहे, त्याला बोफर्ट म्हणायचं.

मला बघायचं होतं एक घर. ५११, प्रिन्स स्ट्रीट. पांढरं, लाकडी, ऐसपैस. रस्त्यावर जुने ओक वृक्ष आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता, समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. या घराच्या मागच्या अंगाला, गुलामांना राहायला बांधलेल्या खोलीत, ५ एप्रिल १८३९ रोजी लिडिया पोलाइट नावाच्या बाईला मुलगा झाला. लिडिया ही या घरातली मोलकरीण, आणि मोलकरीण म्हणजे पगारी नव्हे, मालकीची. त्यामुळे मुलगाही जन्मतःच मालकाचा. त्याचं नाव रॉबर्ट. पुढे रॉबर्ट स्मॉल्स.

हे नाव माझ्यापर्यंत आलं ते जोतीरावांमुळे. शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. 'गुलामगिरी' १८७३ सालची, आणि फुल्यांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली, हे मी दर वर्षी न चुकता सांगायची. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, पण गुलाम स्वतः काय करत होते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिंकन सांगता आला, यादवी युद्ध सांगता आलं. गुलामाचं एकही नाव मला सांगता आलं नाही. ती मुलगी खाली बसली, आणि मी त्या रात्रीपासून वाचायला लागले.

रॉबर्टचं बालपण घरात गेलं. मालकाचा जीव होता म्हणतात, शेतावरच्या पोरांसारखे हाल त्याच्या वाट्याला आले नाहीत. लिडियाला याचीच धास्ती वाटायची. पोराला वाटेल की जग असंच असतं. म्हणून तिने त्याला मुद्दाम नेऊन दाखवलं, आपल्या माणसांना फटके कसे मारतात, विकायला कसं उभं करतात ते. आई मुलाचे डोळे झाकते, हे आपण पाहिलेलं असतं. या आईने ते उघडले.

बारा वर्षांचा झाल्यावर मालकाने त्याला चार्ल्सटन बंदरात कामाला लावलं. हॉटेलात वाढपी, रस्त्यावरचे दिवे लावणारा, मग धक्क्यावर हमाली, मग शिडं आणि दोरखंड, आणि शेवटी जहाजाचं सुकाणू. कमाई मालकाची; आठवड्याला एक डॉलर त्याच्या हातावर. १८५६ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने हॅना नावाच्या हॉटेलातल्या मोलकरणीशी लग्न केलं. ती दुसऱ्याच मालकाची. दोन वर्षांत मुलगी झाली, तीही हॅनाच्या मालकाच्या खात्यावर. बायको आणि मुलगी आपल्याला विकत द्या, असं तो त्या मालकाला म्हणाला. किंमत सांगितली गेली ८०० डॉलर. आठवड्याचा एक डॉलर सगळा गाठीला बांधला, तरी हिशेब पंधरा वर्षांवर जातो.

मग युद्ध आलं. गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांनी 'प्लँटर' नावाची कापूस वाहणारी आगबोट लष्करी कामाला घेतली. रॉबर्ट तिचं सुकाणू धरायचा. गोऱ्या माणसाने तेच काम केलं तर त्याला पायलट म्हणायचे. काळ्याला तो शब्द द्यायचा नाही, म्हणून त्याला म्हणायचे व्हीलमन. पण चार्ल्सटनच्या बंदरात सुरुंग कुठे पेरलेत, उथळ कुठे, खोल कुठे, कोणत्या किल्ल्यापाशी किती शिट्ट्या द्यायच्या, हे सगळं त्या व्हीलमनच्या डोक्यात होतं. वाचता येत नव्हतं. बंदर मात्र तोंडपाठ.

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीचे तिन्ही गोरे अधिकारी घरी झोपायला गेले. तसं जायची परवानगी नव्हती, पण जायचे. बोटीवर उरले ते गुलाम खलाशी. बोट बांधली होती ती लष्करी जनरलच्या कचेरीसमोरच, धक्क्यावर पहारेकरी. पहाटे तीनच्या सुमाराला रॉबर्टने बॉयलर पेटवायला सांगितला. दोर सोडले. बोट आधी उलट्या दिशेला गेली, दुसऱ्या एका धक्क्यापाशी, तिथल्या बोटीवर बायका आणि मुलं लपून बसली होती. हॅना होती, चार वर्षांची एलिझाबेथ होती. त्यांना घेऊन मग तोंड समुद्राकडे.

या सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं, की पकडले गेलो तर बोट बुडवायची, आणि ती बुडाली नाही तर हातात हात धरून पाण्यात उड्या टाकायच्या. चार वर्षांच्या पोरीचा हात कोणी धरायचा, हेही ठरलं असणार. मी इथे दर वेळी थांबते.

कॅप्टनची रुंद कडांची गवती हॅट सुकाणूच्या खोलीत टांगलेली होती. रॉबर्टने ती डोक्यावर ठेवली. कॅप्टन खिडकीला टेकून हाताची घडी घालून उभा राहायचा, तसाच उभा राहिला. चेहरा सावलीत. वाटेतला प्रत्येक किल्ला आला तशी ठरलेली शिट्टी दिली. सर्वांत अवघड होता सम्टर, जिथे युद्धाची पहिली तोफ डागली गेली होती. साडेचारच्या सुमाराला प्लँटर त्याच्या तोफांच्या अगदी माऱ्यात आली. बरोबरची माणसं म्हणत होती, लांबून घे. तो म्हणाला, लांबून गेलो तर संशय येईल, रोजची बोट रोजच्याच वाटेने जाते. दोरी ओढली, शिट्टी दिली. वरून पहारेकऱ्याने जाऊ दिलं. घाई केली नाही. माऱ्याच्या बाहेर पडेपर्यंत बोट नेहमीच्याच चालीने चालवली, आणि मग वाफ मोकळी सोडली.

पुढे उत्तरेच्या आरमाराचा वेढा. त्यांच्या 'ऑनवर्ड' जहाजाला धुक्यातून शत्रूची बोट अंगावर येताना दिसली, तोफा वळल्या. तेवढ्यात उजाडलं आणि प्लँटरच्या काठीवर झेंड्याच्या जागी फडकणारी पांढरी चादर कोणाला तरी दिसली. बिछान्यावरची चादर. बोटीवर सोळा माणसं होती, एका किल्ल्यासाठी निघालेल्या तोफा होत्या, आणि संकेतांची वही होती. रॉबर्ट तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

अमेरिकेत त्याची गोष्ट सांगतात ती बहुतेक इथे संपवतात. गोष्टच तशी आहे, मीही सांगताना इथेच रमते. पण मला ब्यूफर्टला यायचं होतं ते पुढच्यासाठी. युद्धातलं मी थोडक्यात सांगते. बोट पकडून आणल्याबद्दल सरकारने बक्षीस दिलं, त्यातले १५०० डॉलर त्याच्या वाट्याला आले. ऑगस्टमध्ये तो वॉशिंग्टनला जाऊन युद्धमंत्री स्टँटन यांना भेटला आणि काळ्या माणसांना फौजेत घ्या या मागणीला बळ देऊन पाच हजारांच्या भरतीचा हुकूम घेऊन परतला. १८६३ च्या एप्रिलमध्ये चार्ल्सटनवरच्या हल्ल्यात तो 'किओकक' या चिलखती जहाजाचा पायलट होता. आता पायलट. त्या जहाजाला नव्वदहून अधिक गोळे लागले, दुसऱ्या दिवशी ते बुडालं, तो वाचला.

१८६४ साली प्लँटर दुरुस्तीला फिलाडेल्फियात गेली. तिथल्या मुक्कामात त्याने शिक्षक ठेवून लिहा-वाचायला शिकून घेतलं, पंचविसाव्या वर्षी. याच शहरात एक दिवस त्याला ट्रामच्या आतल्या बाकावरून उठवलं. काळा आहेस, बाहेरच्या फळीवर उभा राहा. तो उतरला आणि भर पावसात मैलोगणती चालत गेला. युद्धातला वीर असून ही गत झाली म्हणून गाजावाजा झाला, लढा उभा राहिला, आणि १८६७ साली पेनसिल्व्हेनियात कायद्याने ट्राम सगळ्यांना खुली झाली.

आता घर. उत्तरेचं आरमार नोव्हेंबर १८६१ मध्येच ब्यूफर्टजवळ उतरलं होतं आणि गावातले झाडून सगळे गोरे जमीनदार घरंदारं टाकून पळाले होते. राहिले ते त्यांचे गुलाम. या घरांवरचा कर थकला, तशी सरकारने ती लिलावात काढली. त्यात प्रिन्स स्ट्रीटवरचं घरही निघालं, आणि रॉबर्ट स्मॉल्स यांनी ते विकत घेतलं.

इथून पुढे त्यांना 'अरे-तुरे' करणं माझ्याच्याने होत नाही. ते आता घरमालक.

जुन्या मालकांनी ते सोडलं नाही. रॉबर्टचे मालक असलेल्या मकी कुटुंबाने युद्धाआधी हे घर डी ट्रेव्हिल कुटुंबाला विकलं होतं, आणि त्यांनी दावा लावला की करापोटी झालेली विक्रीच बेकायदा. दावा वर वर चढत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. १८७८ साली निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. युद्धकाळातल्या लिलावात घेतलेल्या तशाच कितीतरी घरा-जमिनींचा पाया त्या निकालाने पक्का झाला.

मला इथे आमच्या आजीचं सांगावंसं वाटतं. आजी गावातल्या पाटलांच्या वाड्यावर दळण-कांडण, शेणगोठा करायची. चाळीस वर्षं. जाणं-येणं मागल्या दाराने, गोठ्याकडून. पुढे वाड्याचे दिवस फिरले, माणसं पांगली, वाडा विकायला निघाला. माझा काका तोवर नोकरीत स्थिरावला होता, त्याने चौकशी केली. इकडून तिकडून पैसे जमले असते. आजीने ऐकलं आणि म्हणाली, "त्या चौकात मला झोप न्हाई लागायची, बाबा." विषय तिथेच संपला. ती नको का म्हणाली, हे मला कळतं. म्हणूनच लिडियाच्या मुलाने तेच घर का घेतलं असेल, याचा विचार मी पुन्हा पुन्हा करत राहते. पंधराशे डॉलर होते, देशभर नाव होतं. उत्तरेत कुठेही राहता आलं असतं. ते परत आले, त्याच गावात, त्याच रस्त्यावर.

आणि परत येऊन त्यांनी राजकारण केलं. १८६८ साली साउथ कॅरोलायनाची नवी राज्यघटना लिहायला जी परिषद बसली तिचे बहुसंख्य सभासद काळे होते, त्यातले एक स्मॉल्स. राज्यातल्या प्रत्येक मुलामुलीसाठी मोफत सार्वजनिक शाळा असावी आणि तिथे जाणं सक्तीचं असावं, हा आग्रह त्यांनी तिथे धरला. चार वर्षांपूर्वी अक्षर गिरवायला बसलेला माणूस शाळांचा कायदा मागत होता. त्याच वर्षी ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले, १८७० ला सिनेटमध्ये. १८७३ साली पुण्यात जोतीराव अमेरिकेला उद्देशून ती अर्पणपत्रिका लिहीत होते, तेव्हा एकेकाळचा हा गुलाम राज्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरातल्या विधानभवनात बसून कायदे करत होता. हे माझ्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीला सांगायला हवं होतं. आता ती कुठे असेल कोण जाणे.

१८७५ मध्ये ते वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये गेले. समुद्रकाठच्या बेटांवरची माणसं गला बोलतात, इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या संगमातून घडलेली बोली. स्मॉल्स तिच्यातच वाढलेले, मतदारांशी तिच्यातच बोलायचे. तिथला एक किस्सा मला फार आवडतो. दोन शेतकरी बोलत होते. एक म्हणाला, स्मॉल्सएवढा मोठा माणूस जगात नाही. दुसरा म्हणाला, मोठा खरा, पण देव तर नाही ना. पहिला क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "ते खरं. पण स्मॉल्सचं अजून वय लहान आहे."

त्या माणसांनी एवढं प्रेम का केलं, ते पुढच्या वर्षांत दिसतं. १८७६ च्या जुलैमध्ये हॅम्बर्ग या गावी गोऱ्यांच्या टोळीने काळ्या शिबंदीला वेढलं आणि शरण आलेल्यांना बाजूला काढून गोळ्या घातल्या. स्मॉल्स यांनी त्या हत्याकांडाची हकिकत सांगणारं पत्र काँग्रेसमध्ये वाचलं. समोरून विचारणा झाली, पत्र कोणाचं, नाव सांगा. आणखी एक काळा माणूस मारला जावा म्हणून नाव हवं असेल, तर ते माझ्याकडून मिळणार नाही, असं त्यांनी ऐकवलं. लाल सदरे घातलेल्या बंदूकधारी टोळ्या त्यांच्या सभा उधळायच्या. १८७८ च्या प्रचारात गिलिसनव्हिल गावी शेकडो घोडेस्वारांनी त्यांना घेरलं. ते आपल्या माणसांसह एका दुकानात शिरले, आतून दार लावलं, बंदुका दाराकडे रोखून बसले. बातमी रानोमाळ पसरली आणि आजूबाजूची काळी माणसं हाताला येईल ते घेऊन चहूबाजूंनी धावत आली. टोळीला माघार घ्यावी लागली.

बंदुकीने जमलं नाही ते कोर्टातून करून पाहिलं. १८७७ मध्ये, राज्याच्या सिनेटमध्ये असताना छपाईच्या कंत्राटात ५००० डॉलर लाच घेतली, या आरोपाखाली त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. साक्ष होती ती स्वतःच त्या गैरव्यवहारात अडकलेल्या माणसाची. स्मॉल्स यांनी आरोप कायम नाकारला. ते जामिनावर सुटले, आणि १८७९ साली गव्हर्नरने माफी दिली, कारण त्याच सौद्यात निवडणुकीतल्या गैरप्रकारांबद्दल गोऱ्यांवर भरलेले खटलेही मागे घेतले जाणार होते. मी हा डाग झाकणार नाही. पण आरोप कोणी केला, केव्हा केला आणि कशाच्या बदल्यात सोडला, हे तिन्ही एकत्र मांडलं की माझं मत ठरतं. त्यांच्या मतदारांचंही ठरलेलं होतं. त्यांनी त्यांना पुन्हा काँग्रेसमध्ये पाठवलं, आणि १८८७ पर्यंत ते मधूनमधून तिथे होते.

मग १८९५. राज्याची घटना पुन्हा लिहायला घेतली, आणि या वेळचा हेतू उघड होता, काळ्यांची मतं काढून घ्यायची. सूत्रधार राज्याचा माजी गव्हर्नर बेन टिलमन. १६० सभासदांत काळे सहा, त्यातले पाच ब्यूफर्टचे. नियम असे, की मत द्यायला कर भरलेला हवा, वर घटनेतला उतारा वाचून लिहून दाखवायचा नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता दाखवायची, आणि पास-नापास ठरवणार गोरा कारकून. स्मॉल्स आता छप्पन्न वर्षांचे, अंगाने सुटलेले, मधुमेहाने बेजार. उभे राहिले. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवर बंदी घालणारं कलम आलं तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचवली: जो गोरा माणूस काळ्या बाईशी लग्नाविना संबंध ठेवील त्याला कोणतंही सरकारी पद मिळू नये, आणि त्या मुलांना बापाचं नाव लावता यावं. त्या सभागृहात ही दुरुस्ती मांडायला काय छाती लागली असेल. घरोघरच्या मागच्या खोल्यांमध्ये काय चालायचं, हे मागच्या खोलीत जन्मलेला माणूस सांगत होता.

ते म्हणाले, माझ्या लोकांना कोणाच्या खास वकिलीची गरज नाही, या देशातला त्यांचा इतिहासच सांगतो की ते कुठल्याही लोकांच्या बरोबरीचे आहेत. त्यांना हवी आहे ती फक्त जगण्याच्या लढाईत समान संधी. मतदानात ते हरले. नव्या घटनेवर सही करायला त्यांनी नकार दिला. सही न करणाऱ्यांना परतीचा प्रवासखर्च देऊ नये अशी भाषा निघाली, तेव्हा सही करण्यापेक्षा मी घरापर्यंत चालत जाईन, असं ते म्हणाल्याचं सांगतात. फिलाडेल्फियातला पाऊस मला लगेच आठवला.

त्या घटनेने आपलं काम केलं. साउथ कॅरोलायनाचा शेवटचा काळा काँग्रेस सभासद १८९७ मध्ये पायउतार झाला, आणि त्यानंतरचा जिम क्लायबर्न तिथे पोचला तो १९९३ मध्ये.

स्मॉल्स अनेक वर्षं ब्यूफर्ट बंदराचे कस्टम्स कलेक्टर होते. १९१३ मध्ये तेही पद गेलं. १९१५ च्या फेब्रुवारीत याच घरात त्यांनी डोळे मिटले. प्रिन्स स्ट्रीटपासून थोड्याच अंतरावर टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्च आहे, तिथल्या अंगणात त्यांना पुरलं. तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे आणि खाली १८९५ चं ते वाक्य कोरलेलं. लेकीने ते मोठ्याने वाचलं, मग मोबाइल खिशात ठेवून पुन्हा एकदा हळू वाचलं.

परतताना आम्ही घरावरून पुन्हा गेलो. वाटेत मी तिला जेन मकीचं सांगितलं. युद्धानंतर कंगाल झालेली, म्हातारी, मन भ्रमलेली ही जुनी मालकीणबाई एक दिवस या घराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या लेखी घर अजून तिचंच होतं. स्मॉल्स यांनी तिला आत घेतलं, मरेपर्यंत राहू दिलं. तिची समजूत त्यांनी मोडली नाही. हे सांगताना लोक त्यांच्या मोठ्या मनाबद्दल बोलतात, आणि ते मोठं होतंच.

माझं लक्ष मात्र दुसऱ्या बाईकडे जातं. लिडिया अखेरपर्यंत मुलाजवळ राहिली, याच घरात. ज्या जिन्यावरून तिने वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं पाणी वर नेलं असेल, तोच जिना. त्या घरातली पहिली रात्र तिने कशी काढली असेल? आजी असती तर तिला विचारलं असतं. गाडी वळली तेव्हा वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडी होती, आणि खाडीत भरती चढायला लागली होती.